मशीनला पुरण दिसत नाही

आषाढात घरी आलेलं सामान: ताटावर मोबाईल धरून ठेवणारा एक स्टँड, बोट टोचून साखर बघायचं मशीन, त्याच्या पट्ट्यांच्या डब्या आणि सही करायला एक इंग्रजी कागद. खर्च शून्य. तरी मी वहीत लिहिलं... फुकट आलं तरी आलं ते लिहायचं, ही माझी सवय.

पाठवणारी मीनल, आमच्या ओळखीतली मुलगी. ती कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करते आणि डायबेटिसवाल्यांसाठी तिने आणि तिच्या सरांनी एक अ‍ॅप बनवलंय. जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा, अ‍ॅप पदार्थ ओळखतं आणि गोल दाखवतं. हिरवा म्हणजे खा, पिवळा म्हणजे कमी करा, लाल म्हणजे हात आवरा. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतल्या काही घरांत ते वापरून बघायचं होतं.

आम्हाला गरज होतीच. आमचे हे तुर्भ्याच्या कंपनीतून रिटायर झाले ते साखर घेऊनच घरी आले. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळीपर्यंत खाली आली नाही तर इन्सुलिन सुरू. आणि ह्यांना सुईची इतकी धास्ती की बोट टोचतानासुद्धा तोंड भिंतीकडे.

मी एकच अट घातली... देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय ताटावर कॅमेरा येणार नाही. मीनल म्हणाली, चालेल काकू.

सुरुवातीला छान चाललं. भाकरी ओळखली, मुगाची उसळ ओळखली, भात जास्त झाला की पिवळा गोल. हे निमूट भात काढून ठेवायचे. इतकी वर्षं माझं ऐकलं नाही, मोबाईलचं ऐकलं... मी म्हटलं असू दे, काम होतंय ना.

मग श्रावणातला शुक्रवार आला. जिवतीला पुरणाचा नैवेद्य. मी ह्यांना अर्धी पोळी वाढायला घेतली तर म्हणाले, आधी मशीनला विचारू. अख्खी पोळी ताटात घेतली, फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं, चपाती, एक. हिरवा गोल.

हे असे खूश झाले जसा काही कोर्टाचा निकाल लागला. मी म्हणतेय, अहो, आत पुरण आहे, त्याला काय कळतंय. तर म्हणतात, “तुझी दहावी, त्याची पीएचडी.” दुसऱ्या पोळीलाही हिरवा गोल आला. ती मी ताटातून उचलायला गेले, तोवर अर्धी पोटात गेली होती.

संध्याकाळी सोफ्यावरून उठवेना. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे धूसर. बोट टोचलं तेव्हा मशीनवर जो आकडा आला तो इथे लिहीत नाही... डॉक्टरांकडे रिक्षाने नेलं, एवढं पुरे.

घरी आल्यावर मीनलला फोन केला. बिचारी घाबरली. मग म्हणाली, त्या दिवसाचा फोटो काढून टाकते काकू, सणाचे दिवस आम्ही धरत नाही, रोजचंच जेवण हवं. मी म्हटलं, “अगं, मग ह्यांची साखर काय सणाला सुट्टी घेते?”

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांचा फोन आला. आवाज गोड, पण मुद्दा तोच. ताई, हे टेक्निकल आहे, तुम्ही रोजचे फोटो पाठवा, सणाचे नकोत, निकाल बिघडतात.

मी शांतपणे सांगितलं. “सर, आमच्याकडे सणाचं गोड झाकलेलंच असतं. मोदक, करंजी, गुळपोळी, पातोळ्या... वरून साधं, आत गूळ. तुमच्या मशीनला ते दिसत नसेल तर दिसत नाही म्हणू दे. हिरवा गोल कशाला दाखवतं?” ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग सामान घेऊन जा. सण वगळून मी काही पाठवणार नाही.

हे आतून कुजबुजले, अगं पट्ट्या फुकट मिळतायत. साबणाचा उरलेला चपटा तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई तू, आणि आज हा थाट? मी म्हटलं, हो, आजच.

पुढच्या शुक्रवारी मीनल सामान न्यायला आली. नैवेद्य झाला होता, तिलाही पान वाढलं. सवयीने तिने मोबाईल धरला... चपाती, एक. हिरवा गोल.

मग तिने पोळी मोडली. आतलं पुरण वाफेसकट बाहेर आलं. तिने पुन्हा फोटो काढला. मोबाईलवरचं चक्र जरा वेळ फिरत राहिलं आणि अक्षरं आली, “पदार्थ ओळखता आला नाही.”

मी म्हटलं, “बाळा, एवढंच हवं होतं मला.” तर हे म्हणतात, हेच गेल्या शुक्रवारी बोललं असतं तर मी खाल्लं असतं का?

सरांना पटलेलं नाही, त्यामुळे सामान गेलंच. पण जाताना मीनल म्हणाली, हे मी माझ्या प्रबंधात लिहिणार, सर काहीही म्हणोत. तुम्ही सणाचे फोटो मला वेगळे द्या काकू. पट्ट्या आता मी विकत आणते, वहीत शून्याच्या जागी आकडा आलाय. घातलेल्या वादाची हळहळ नाही. ह्यांना अर्धीच पोळी मिळते, आणि ती मी मोडूनच वाढते.

आता तुमच्याकडे एक मागणं. पुढच्या सणाला तुमच्या घरी जे काही सारण भरून होईल, ते आधी देवाला दाखवा. मग दोन फोटो काढा, एक बंद, एक मोडलेला, आणि आत काय घातलंय ते मला उलट टपाली कळवा. घरात कुणाला डायबेटिस असेल तर खाल्ल्यावर साखर किती आली तेही लिहा... खरंखरं.