दोनशे तेरावी मुलगी

व्हर्लीन स्टिल्टनर एकतीस वर्षं एकाच जागी बसली. खुर्ची दोनदा बदलली, जागा तीच: हायस्कूलच्या कचेरीत, लोक कागद मागायला येतात त्या खिडकीच्या डाव्या हाताला. पाठीशी आगीला दाद न देणारं लोखंडी कपाट, आणि त्यात शाळा सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक मुलाचं कार्ड. कोण कुठल्या साली पास होऊन गेला, कोण मधेच गळाला, सगळं त्यात. खाणीतून छाती खराब करून बाहेर पडलेले म्हातारे कुठल्यातरी अर्जासाठी शाळेचा कागद मागायला यायचे, तेव्हा कपाट उघडण्याआधीच व्हर्लीन त्यांचं साल सांगायची.

तिला खरं तर शिक्षिका व्हायचं होतं. बापाने एक वर्ष टायपिंगच्या कॉलेजात घातलं आणि हात वर केले. मग हार्लेस भेटला, मग दोन मुलगे झाले. ते मोठे झाले तसे कामासाठी कॅरोलायनात गेले. या कोळशाच्या खोऱ्यातल्या सगळ्यांचेच जातात, त्यात रडण्यासारखं काही नाही. हार्लेस नाकात ऑक्सिजनची नळी घालून टीव्हीसमोर बसायचा. ती संध्याकाळी घरी जाऊन घेवडा गरम करायची, मक्याचा ब्रेड कापायची, आणि दोघं न बोलता जेवायची. भांडण नव्हतं. बोलायचं उरलं नव्हतं, एवढंच.

शाळेचा मुख्याध्यापक डेल ॲबशर. याचंही कार्ड त्याच कपाटात, व्हर्लीनच्या अक्षरात, चौऱ्याऐंशी सालचं. चारचौघांत ती त्याला सर म्हणायची, एरवी डेल आणि तू. तो मात्र कायम ‘व्हर्लीनबाई, तुम्ही’. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. तो सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा ए.पी.च्या वर्गात एकोणीस मुलं होती. ए.पी. म्हणजे शाळेत बसून कॉलेजच्या तोडीचा अभ्यास करायचा आणि मे महिन्यात बाहेरून आलेली परीक्षा द्यायची. ती एकोणीस मुलं कोणाची, तर डॉक्टरची, बँकेच्या मॅनेजरची, खाणीच्या सुपरिंटेंडंटची. बाकीच्यांना कोणी विचारतही नव्हतं. डेलने दार उघडलं. ज्याला बसायचंय त्याला बसू द्या म्हणाला. पहिल्याच वर्षी शाळेच्या बसड्रायव्हरचा मुलगा इतिहासात पाचापैकी पाच घेऊन गेला. त्याचं गुणपत्रक विद्यापीठाला पाठवताना व्हर्लीनने पाकीट दोनदा चिकटवलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग ती यादी आली.

एक मोठं साप्ताहिक दरवर्षी देशातल्या उत्तम शाळांची यादी छापायचं. उत्तम कशावरून ठरवायचं? तर शाळेत ए.पी.च्या किती परीक्षा दिल्या गेल्या त्याला त्या वर्षी पास होऊन बाहेर पडलेल्या मुलांच्या संख्येने भागायचं. उत्तर एक किंवा त्याच्या वर आलं तर शाळा उत्तम. गुण किती पडले, कोणी विचारत नाही. म्हणजे चर्चबाहेर किती गाड्या लागल्यात ते मोजायचं आणि आत माणसं घोरताहेत की प्रार्थना करताहेत ते बघायचंच नाही.

झालं. ज्याला बसायचंय त्याला बसू द्या, याचं दोन वर्षांत सगळ्यांना बसवा झालं. मे महिन्यात व्यायामशाळेत टेबलं मांडायची, आणि माणसं कमी पडायची म्हणून देखरेखीला व्हर्लीनही असायची. पेपरचं सील फोडायचं, नाव लिहायचं, की परीक्षा दिली असं धरतात. निम्मी मुलं नाव लिहून डोकं टेबलावर टाकत. एकाने निबंधाच्या जागी आपल्या ट्रकचं चित्र काढलं, टायरांच्या नक्षीसकट. तिने तेही गोळा केलं. तेही एक धरलं.

गणितातली दुसरी गोम तिला कपाटामुळे कळली. वरचा आकडा वाढवला की उत्तर वाढतं, तसंच खालचा घटला तरी वाढतं. शेवटच्या वर्षात शाळा सोडणारं प्रत्येक पोर शाळेला यादीत वर ढकलतं. हे तिने एकदा डेलला सांगितलं होतं. तो हसला आणि म्हणाला, “मग लिहा ना त्या साप्ताहिकाला पत्र.” तिने काही लिहिलं नाही.

दोन हजार नऊ साली वरचा आकडा दोनशे बारा होता. पास होणाऱ्यांची यादीही दोनशे बाराची. बरोबर एक. शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी कॉम्प्युटरवर बंद व्हायची, शनिवारी डिप्लोमा, म्हणजे शाळा पास झाल्याचा दाखला, देण्याचा समारंभ. बारानंतर जे नाव चढेल ते ऑगस्टमध्ये पास झालं असं धरायचं, आणि ते पुढच्या वर्षाच्या मुलांत मोजायचं.

आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता तिच्या टेबलावर एक पिवळी चिठ्ठी आली. क्रिस्टा बोलिंग, इंग्रजीचा राहिलेला अर्धा विषय पूर्ण, खाली मास्तरांची सही.

क्रिस्टा रात्री वृद्धाश्रमात कामाला असायची. म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. सकाळचा पहिला तास इंग्रजीचा, आणि त्या तासाला ती झोपायची. राहिलेला तो विषय तिने शाळेच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पुरा केला. नर्सिंगच्या कोर्सला तिची जागा धरून ठेवली होती. एकूण बारा जागा, आणि अट एकच: एक जूनपर्यंत डिप्लोमा. बरं, तिने ए.पी.च्या जीवशास्त्राची परीक्षाही दिली होती, आणि शेवटच्या पानापर्यंत लिहिली होती, हे व्हर्लीनने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे वरच्या दोनशे बारांत तिची परीक्षा होती.

शुक्रवारी सकाळी डेल आकडा विचारायला आला. व्हर्लीनने सांगितलं, दोनशे बारा, आणि एक चिठ्ठी चढवायची आहे. डेल समोरच्या खुर्चीत बसला. त्याने तिच्याच टेबलावरचं कॅल्क्युलेटर ओढलं, आकडे दाबले, आणि ते तिच्याकडे वळवून ठेवलं. शून्य पूर्णांक नऊशे पंच्याण्णव.

मग तो बराच वेळ बोलला. काय काय म्हणाला ते तिला पुढे नीटसं आठवेना. जिल्ह्याचं बोर्ड दोन शाळा एकत्र करायला निघालंय म्हणाला. यादीत आलेल्या शाळेला हात लावताना दहादा विचार करतील. या खोऱ्याचं नाव आजवर छापून आलं ते खाण कोसळली तेव्हाच. एकदा तरी चांगल्या कारणाने येऊ दे.

“पोर ऑगस्टमध्ये तर पास होतेच आहे,” तो शेवटी म्हणाला. “डिप्लोमा तोच. कागद तोच.”

“तिला पहिल्या तारखेच्या आत हवाय, डेल.”

“मी तुम्हाला काही करा म्हणत नाही, व्हर्लीनबाई. नका करू असंही म्हणत नाही.” त्याने कॅल्क्युलेटर जागेवर ठेवलं. “दफ्तर तुमचं आहे.”

तो गेला. तिने लॉकरच्या किल्ल्यांची यादी केली. समारंभाच्या टोप्या मापांप्रमाणे लावल्या. चिठ्ठी कीबोर्डच्या शेजारी होती. ती चढवायला दीड मिनिट लागतं. चढवायची नाही असं तिने ठरवलं नव्हतं. चढवायची असंही नाही. नंतर कोणी विचारलं असतं की त्या दोन तासांत तुझ्या मनात काय चाललं होतं, तर तिला प्रामाणिकपणे म्हणावं लागलं असतं की काहीच नाही. टोप्यांची मापं.

साडेअकराला क्रिस्टा खिडकीशी आली, वृद्धाश्रमाच्या निळ्या कपड्यांतच, डोळ्यांखाली काळं. टोपी आणि झगा न्यायला आले म्हणाली.

“तुझं नाव यादीत नाही गं,” व्हर्लीन म्हणाली.

“काल संपवलं मी, बाई. इंग्रजीच्या सरांनी माझ्यासमोर सही केली.”

“चिठ्ठी आलीय. पण यादीत नाव नाही. ऑगस्टमध्ये होईल.”

वाद क्रिस्टाने घातला नाही. तिच्या घरचे कोणी कधी खिडकीशी वाद घालत नाहीत. आजोबांच्या खाणीतल्या आजाराच्या भरपाईचा अर्ज तीनदा परत आला तेव्हाही घालत नव्हते. खिडकीने नाही म्हटलं म्हणजे नाही. “आजी येणार होती उद्या,” एवढंच ती म्हणाली. “तिला सांगते, नको येऊ.” आणि गेली.

अजून अर्धा तास होता. व्हर्लीनने डबा उघडला, सँडविच खाल्लं. बारा वाजले, कॉम्प्युटरचा पडदा राखाडी झाला, यादी बंद झाली. मग तिने चिठ्ठी चढवली. अचूक, तारखेसकट.

सोमवारी नर्सिंगच्या कोर्सच्या कचेरीतून फोन आला. तिकडची बाई व्हर्लीनसारखीच, आवाजावरून वयानेही. क्रिस्टा बोलिंग पास झाली का? अभ्यास पूर्ण आहे, व्हर्लीनने सांगितलं, तारीख ऑगस्टची आहे. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. ‘आम्हाला तारीखच लागते हो,’ असं ती बाई म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींचे आभार मानले.

पुढच्या जूनमध्ये साप्ताहिकाची यादी यायची होती, पण आकडे पक्के झाल्याचं पत्र त्याच जुलैत आलं. डेलने सगळ्यांना केक आणला. देखरेख करणाऱ्यांनी, टेबलं उचलणाऱ्यांनी, सगळ्यांनी खाल्ला. व्हर्लीननेही खाल्ला. त्याच आठवड्यात परीक्षेचे गुण आले. दोनशे बारा पेपरांपैकी एकशे एकोणपन्नास पेपरांना पाचापैकी एक. क्रिस्टाला दोन होते. परीक्षेला बसलेल्या अर्ध्याहून अधिक मुलांच्या वर होती ती.

ऑगस्टच्या सात तारखेला ती डिप्लोमा न्यायला आली. कचेरीत दुसरं कोणी नव्हतं. व्हर्लीनने नाव बरोबर छापलंय का बघायला सांगितलं, वहीत सही घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा म्हणून क्रिस्टाने गुणपत्रकाच्या दोन प्रती मागितल्या. जागा नदीपलीकडच्या एका मुलीला गेली, चांगली आहे ती, असंही सांगितलं. व्हर्लीन पाकिटं बंद करून झाकणावर आडवी सही करत होती.

“बाई, यादी बाराला बंद होते ना?” क्रिस्टाने विचारलं. “माझ्या मावसबहिणीने सांगितलं.”

“बाराला.”

“मी आले तेव्हा साडेअकरा झाले होते.”

“हो,” व्हर्लीन म्हणाली.

क्रिस्टा तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. झोपेत हाक मारल्यावर माणूस बघतो तसं. व्हर्लीनला वाटलं, आता ही विचारेल, मग का? ती वाट बघत थांबली. विचारलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला ते हवं होतं.

क्रिस्टाने विचारलं नाही. तिने पाकिटं घेतली, घड्याळ पाहिलं, आता दुपारी तीनची पाळी आहे म्हणाली आणि गेली. व्हर्लीनने वहीतल्या सहीसमोर तारीख घातली. मग क्रिस्टाचं कार्ड काढून ते बाकीच्या दोनशे बारांत न ठेवता पुढच्या वर्षाच्या रिकाम्या कप्प्यात ठेवलं. नियमाप्रमाणे ते तिथेच जायचं होतं.