आधी तिला विचारा

कामतघरच्या आमच्या दवाखान्यात एखादी बाई तपासायला आली की सिस्टर आधी तिच्याबरोबरच्या सगळ्यांना बाहेर काढायच्या. नवरा असो, सासू असो, नाहीतर शेजारीण. "तुम्ही बाहेर बसा. पोट तिचं आहे, ती बोलेल," म्हणत दार लोटून घ्यायच्या. लोक चिडायचे. कापड विणणाऱ्या लूमच्या एका मालकाने तर रागाने खुर्ची आपटली होती. सिस्टरांनी ती उचलून सरळ केली आणि म्हणाल्या, "बसा. बसायलाच ठेवलीय ती."

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी तिथे केसपेपर लिहायला लागले होते. सिस्टर खारबावहून ड्युटीला यायच्या. ठेंगण्या, सावळ्या, चालणं भरभर. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. माझ्या डब्यातला पांढरा भात बघून म्हणायच्या, "याने रक्त वाढत न्हाय गं," आणि अर्धी भाकरी माझ्या झाकणात ठेवायच्या. त्यांचे मिस्टर लवकर वारले होते. तीनदा दिवस गेले आणि तीनदा पोट रिकामं झालं, हे त्यांनीच मला सांगितलं, तेही इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवता ठेवता. त्यामुळे वस्तीतल्या बायका पाठीमागे म्हणायच्या, "स्वतःला झालं नाही, म्हणून दुसऱ्यांची पाडायला निघते." त्यांना ते ऐकू यायचं.

मी लागले त्याच वर्षी एक बाई आली. नवरा लूमवर कामाला, चार मुलं, धाकटं अजून अंगावर पीत होतं, आणि पुन्हा दिवस गेलेले. "सिस्टर, अब मेरे से नहीं होगा," एवढंच ती म्हणत राहिली. डॉक्टरसाहेबांनी नवऱ्याची सही आणायला सांगितलं. साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. उद्या नवऱ्याने येऊन राडा केला तर, ही त्यांची भीती. बाई म्हणाली, तो सही करणार नाही. साहेबांनी तिला परत पाठवलं. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी तिला रिक्षात घालून आणलं. कुठल्यातरी दाईकडे गेली होती. अंग तापाने फणफणलेलं. ठाण्याला पाठवलं, पण ती वाचली नाही. त्या दिवशी सिस्टरांनी कपाटातून संमतीचा कोरा फॉर्म काढला, साहेबांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, बघा. बाई सज्ञान असली तर फक्त तिच्याच सहीची जागा आहे. नवऱ्यासाठी ओळ छापलेली न्हाय. मला हे त्या दिवशीबी ठाऊक होतं. मी तोंड उघडलं न्हाय."

तेव्हापासून त्यांचं ते दार लोटणं सुरू झालं.

मला त्यांचं ते काम पटत नव्हतं. मी खेड्यातल्या शेतकऱ्याघरची. गर्भ पाडणं म्हणजे पाप, हे आईच्या तोंडून ऐकत वाढलेली. एकदा जेवताना मी बोलून गेले, "सिस्टर, तुम्ही रोज पंचशील म्हणता. पहिलंच शील जिवाची हत्या नको असं आहे ना?"

त्यांचा घास हातातच राहिला. "म्हणते. रोज म्हणते. आणि म्हणताना रोज ती बाई आठवते. तोबी जीवच होता ना गं?"

मी हार मानली नाही. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. भाकरीचा तुकडा मात्र माझ्या झाकणात पडत राहिला.

पुढे खासगी दवाखान्यांतून मुलगा की मुलगी सांगायची मशिनं आली. दापोड्याची एक सासू सुनेला घेऊन आली, "दोन पोरी हायेत, ही बी पोरगीच हाय, खाली करा," म्हणत. सिस्टरांनी तिला बाहेर बसवलं. आत सून रडायला लागली, "मला ठेवायचीय ओ ही." सिस्टर बाहेर जाऊन सासूला म्हणाल्या, "तिची सही न्हाय. सही न्हाय, तर काम न्हाय." म्हातारीने शिव्या घातल्या. सिस्टरांनी सुनेला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दर महिन्याला तपासायला यायचं बजावलं.

मी नंतर विचारलं, "आणि तीच हो म्हणाली असती तर? मुलगी नको म्हणून?"

सिस्टरांनी गोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "ते मला अजून उलगडलेलं न्हाय, पोरी. खोटं कशाला सांगू?"

त्यानंतर वर्षभराने माझ्यावरच वेळ आली. तोवर माझं लग्न होऊन दोन मुली होत्या, धाकटी सतत आजारी. तिसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाईंना नातू हवा होता, यांना मशीनवर तपासून घ्यायचं होतं. मला काय हवं होतं, ते मलाच सांगता येत नव्हतं. सिस्टरांनी यांनाही बाहेर बसवलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"मी न्हाय सांगणार. दोन दिवस घे. पण ते तुझे तू घे, कुणाला देऊ नको."

दोन दिवस मी मुलींच्या वेण्या घालत, भात शिजवत विचार केला. तपासणी केली नाही. मुलगा की मुलगी, हा माझा प्रश्नच नव्हता. आणखी एक जीव वाढवायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सही केली. मी टेबलावर पडले. सिस्टरांनी माझा हात धरला. ज्यांना एकही मूल लाभलं नाही, त्या बाईने सगळं होईपर्यंत तो सोडला नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कुठे राग किंवा हेवा दिसला नाही. आईला मी कधीच सांगितलं नाही.

सिस्टर रिटायर झाल्या, तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यांच्या हातून सुखरूप झालेल्या बाळंतपणांबद्दल सगळे बोलले. दुसऱ्या कामाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दोन-तीन वर्षांनी त्या आजारी आहेत असं कळलं, म्हणून मी खारबावला गेले. खाटेवर लहानशा दिसत होत्या. मनात साठलेलं मी बोलून टाकलं. ते मूल आज केवढं असतं, हे अजून मनात येतं, म्हटलं. माझं चुकलं का?

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "आठवण येते म्हणजे चुकलं असं नसतं गं. मला माझी तिन्ही आठवतात. मी कुठं काय चुकले होते?"

त्याच महिन्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले, मागे बसून पंचशील ऐकलं, पहिल्या शीलाला डोळे भरून आले.

मोठ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. धाकटी उठून आत गेली. मोठी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आई, तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

मी म्हटलं, "सिस्टर होत्या."