मागची डावी जागा

शहाजी मोहित्यांनी फौजेत उभी हयात मोठ्या साहेबांची झेंडेवाली गाडी चालवली. मागच्या सीटवर डावीकडे साहेब, कधी त्यांच्या शेजारी मेमसाहेब, आणि पुढं एकटे शहाजी. साहेबानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही, हा तिथला शिरस्ता. पण कान कुणी बांधून ठेवलेत का? मागची दोघं काहीबाही बोलत, मेमसाहेब हसत, थंडीतलं कोवळं ऊन दिल्लीच्या रुंद रस्त्यांवर पसरलेलं असे, आणि शहाजी गाडी चालवता चालवता जागेपणी स्वप्न बघत. त्या स्वप्नात गाडी त्यांची असे आणि मागच्या डाव्या जागेवर कांता बसलेली असे. खरी कांता तेव्हा फलटणजवळच्या गावी सासूसासऱ्यांचं करत होती. नवरा सुट्टीवर आला की सांगे, तेवढीच दिल्ली तिला ठाऊक.

शहाजी पेन्शनीत निघाले, मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि कांता एकदाची दिल्लीत आली. परदेशी कंपन्यांना देशाची दारं तेव्हा नुकतीच उघडली होती. पूर्वी गाडीसाठी नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची. आता रस्त्यावर रोज नव्या तोंडवळ्याची गाडी दिसे. गाझियाबादला एका नव्या शोरूममध्ये शहाजींच्या गळ्यात हार पडला, हातात निळ्या गाडीची किल्ली आली. कांतानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शहाजींनी मात्र अदबीनं मागचं डावं दार उघडलं.

"मी पुढं बसते की हो, तुमच्या शेजारी."

"छे छे! पुढची काय मानाची जागा आहे? इथं बस, ऐसपैस."

बसली बिचारी. गाडी नोएडाच्या बाजूला निघाली. नवे कोरे रस्ते, दोन्हीकडं सरसोची पिवळी शेतं, आणि मध्येच धुक्यात अर्धवट बांधलेले उंच टॉवर, जमिनीला न टेकता उभे असल्यासारखे. कांता हरखून विचारी, "ते काय हो?" शहाजी आरशात बघून "जी" म्हणत आणि पुन्हा गप्प. आता काय म्हणावं! सख्ख्या बायकोला "जी"! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा. शहाजी मात्र आपल्या स्वप्नात तरंगत होते. आरशात कांता दिसत होती आणि त्यांना आणखी काही नको होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी कांता म्हणाली, "मागं खालून काहीतरी टकटक वाजतंय."

शहाजींना काही ऐकू आलं नाही. तरी ते वर्कशॉपात गेले. राजीव नावाचा टायवाला पोरगेला इंजिनिअर होता, त्यानं शहाजींना शेजारी बसवून चक्कर मारली. आवाज नाही. "गाडी बिल्कुल ठीक है, साहब." पुढच्या आठवड्यात कांता पुन्हा तेच म्हणाली, शहाजी पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. घरी येऊन ते म्हणाले, "आवाज नाहीच, कांता. तुला भास होतोय."

झालं! कांतानं हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं.

"भास? मला? अहो, लग्नापासून तुमची वाट बघत आवाजच ऐकत आले मी. फाटकावर कुत्रं भुंकलं की ऐकायचं, एसटीचा हॉर्न वाजला की ऐकायचं. माझ्या कानांना नावं ठेवू नका. एकटीला मागं बसवता, तोंडातून शब्द काढत नाही, वर म्हणे भास! जा, मी त्या गाडीत पुन्हा पाय ठेवायची नाही."

कांताचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गाडी खाली उभी राहिली. शहाजी रोज सकाळी फडकं मारत, दार उघडून रिकाम्या मागच्या सीटकडं बघत आणि बंद करत. त्यांना फार वाईट वाटे. ज्या एका माणसासाठी गाडी घेतली, तेच बसेना, तर ती निळी असली काय आणि सोन्याची असली काय! शेवटी एका सकाळी ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "एकदाच चल. तूच वर्कशॉपवाल्यांना तो आवाज ऐकव."

"शेवटचं हं," कांता म्हणाली.

वर्कशॉपात राजीव स्टिअरिंगवर बसला. कांता आपल्या जागी मागं. शहाजी सवयीनं पुढं निघाले, तोच ती म्हणाली, "पुढं नाही. मागं माणूस बसलं की वाजतं ते. इथं या, माझ्याजवळ."

राजीवनंही मान डोलावली. शहाजी घुटमळले. इतक्या वर्षांत त्यांनी मागची सीट नुसती झटकली होती. ते सीटच्या कडेला टेकले, ताठ, हात गुडघ्यांवर. गाडी निघाली तसा त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला. कांता खुदकन हसली. "टेका की मागं. कुणी शिक्षा नाही करत."

शहाजी टेकले. बाजूच्या काचेतून ऊन मांडीवर आलं. धुकं विरत होतं, सरसो पिवळीधमक सरकत होती. पुढून बघितलेली दिल्ली रस्त्याची होती. ही वेगळीच होती, सावकाश, आळसावलेली. "ते काय हो?" कांतानं विचारलं. "पाण्याची टाकी," ते म्हणाले, "आणि त्या पलीकडं यमुना." त्यांचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. आपल्या स्वप्नात आपण कांताच्या शेजारी कधी बसलोच नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

स्पीडब्रेकर आला. टक, टक. कांताच्या बरोबर खालून.

"ऐकलंत?"

"ऐकलं," शहाजी हळूच म्हणाले. "तुझंच खरं, बाई. चुकलं माझं."

राजीवनं आरशात बघितलं. "कुछ आवाज़ आई, साहब?"

कांता सांगायला तोंड उघडणार, तोच शहाजींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"नहीं आई, बेटा," ते म्हणाले. "थोड़ा और आगे तक चलो."

कांतानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड वळवलं. हात मात्र तिनं काढून घेतला नाही.