ब्रूनोचं मूळ गाव

ब्रूनो फोर्टिनी पहिल्यांदा आमच्या घरी आला तो मुलीच्या सासरच्यांना भेटायला, पण त्यातला अर्धा वेळ त्याने जमिनीकडे बघण्यात घालवला. बाकीचे केकच्या बश्या घेऊन बसलेले आणि हा स्वयंपाकघरात उकिडवा बसून बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवून बघतोय. "ही पोकळ आहे. हीपण. कोणी बसवल्या?" मी म्हटलं, घरमालकाने. पुढच्या शनिवारी तो थापी, सिमेंट आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या घेऊन हजर झाला आणि संध्याकाळपर्यंत अकरा फरश्या उखडून पुन्हा बसवून गेला. तेव्हा त्याचं वय चौऱ्याहत्तर होतं. व्याही असावा तर असा, असं मी माझ्या बायकोला, सुनेत्राला म्हटल्याचं आठवतं.

जर्मनीतल्या आमच्या कार्ल्सरूहे शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांवरून ब्रूनोचा हात फिरला असेल. फरशी हा त्यांचा घरचाच धंदा. आजोबा पिएत्रो मोझाइकचे कारागीर. शंभरेक वर्षांपूर्वी इटलीतून इथे कामाला आले आणि इथेच राहिले. पुण्यात माझ्या लहानपणी आमच्या बिऱ्हाडात ठिपक्याठिपक्यांची मोझाइक होती, हे मी ब्रूनोला सांगितलं तेव्हा त्याने माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, जणू त्याच्या आजोबांनीच ती घोटली होती. इटालियन भाषा मात्र त्याच्याकडे जेवणाच्या पदार्थांपुरती आणि चार शिव्यांपुरती उरली होती.

त्याला एकच गोष्ट हवी होती. आजोबा जन्मले ती जागा. म्हातारा नातवाला कधी काही बोलला नव्हता. विचारलं की डोंगरांच्या दिशेने हात करून "तिकडे" म्हणायचा, आणि एकदा ब्रूनोने फारच हट्ट धरला तेव्हा ताटावरून उठून गेला होता. "मला तिथे एकदा उभं राहायचंय," ब्रूनो दर गुरुवारी कॉफी पिताना म्हणायचा. "एक गुडघा बदलून झालाय, दुसरा संपत आलाय. आल्झो, तर मग, लवकर."

हे काम मी अंगावर घेतलं. घेतलं कसलं, मिरवलं. पुण्यात आमच्या कुळाचा कुलवृत्तांत नव्याने छापायचं चाललं होतं आणि माझा चुलतभाऊ रमेश त्याचा संपादक. युरोपात पसरलेल्या सगळ्या शाखा गोळा करायचं काम माझ्याकडे. चाळीस वर्षं नोकरी केल्यावर रिकाम्या माणसाला एवढा मान पुष्कळ होतो. कुठल्या आर्खीव्हला, म्हणजे दफ्तरखान्याला, काय विचारायचं, हे मला आता तोंडपाठ होतं. शिवाय आमच्या मुलाची, तनयची बायको कार्ला, म्हणजे ब्रूनोची मुलगी, आमच्या पुस्तकात यायचीच होती, आणि सुनेच्या नोंदीत माहेरचं आडनाव आणि माहेरचं मूळ गाव लागतंच. आमच्या पुस्तकात एकाही सुनेचा तो रकाना मोकळा नाही. सुनेत्रा म्हणाली होती, "अहो, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात." मी म्हटलं, ब्रूनो कुठे ऋषी आहे?

इथल्या महानगरपालिकेच्या जुन्या कार्डावर एका शहराचं नाव मिळालं. तिथल्या दफ्तरात मी पत्र पाठवलं आणि नोव्हेंबरात उत्तर आलं. बाईंनी जुन्या वहीच्या पानाचा फोटो जोडून खाली इंग्रजीत सगळं नीट समजावलं होतं. मुलगा, वय दोन दिवस. पहाटे अनाथालयाच्या दारात ठेवलेला. राखाडी लोकरीच्या तुकड्यात गुंडाळलेला. आई अज्ञात, वडील अज्ञात. नाव आणि आडनाव दोन्ही कारकुनाने दिलेली. गळ्यात दोऱ्याला मध्ये कापलेलं अर्धं पदक. परत येऊन मूल ओळखायचा ज्यांचा इरादा असे त्या आया दुसरा अर्धा तुकडा स्वतःजवळ ठेवत, असंही बाईंनी लिहिलं होतं. सहाव्या दिवशी बाळ वाल्मोरा नावाच्या डोंगरातल्या गावी एका बाईकडे दूध पाजायला दिलं. न्यायला कोणी आल्याची नोंद नाही.

त्याच आठवड्यात रमेशचा फोन आला. "माधव, शुक्रवारी पुस्तक छापायला जातंय. तुझ्या सुनेचं मूळ गाव तेवढं राहिलंय."

मी म्हटलं, "वाल्मोरा."

एवढंच केलं मी. विचार करायलाही थांबलो नाही, आणि नंतर विचार केला तो स्वतःची समजूत घालण्यासाठी. बाळ त्या गावात वाढलं हे खोटं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हाताऱ्या माणसाला या वयात कशाला धक्का? अशी कारणं रांगेने उभी राहिली, आणि त्या रांगेत मागे कुठेतरी खरं कारण उभं होतं: रमेश, त्याची बायको विभावरीवहिनी आणि सगळी भावकी ते पान उघडून काय म्हणेल. पुस्तकात एक आणि तोंडी दुसरं कसं चालेल, म्हणून ब्रूनोलाही तेच सांगितलं. आजोबा वाल्मोरात जन्मले. ब्रूनो टेबलावर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

हिवाळाभर तो तळघरात एक फरशी घडवत होता. दीड फुटाची, काळ्या-पांढऱ्या खड्यांची, मध्ये पिएत्रोचं नाव आणि 'इथे जन्मला'. घोटून घोटून त्याची बोटं सालटली. कुलवृत्तांताची प्रत आली ती मी त्याला दिली. पान तीनशे अठरावरची ओळ त्याने मला तीनदा वाचायला लावली, तिथे खूण घातली आणि येईल त्याला दाखवायला लागला. त्यातलं एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हतं.

मे महिन्यात आम्ही सगळे वाल्मोराला गेलो. तनय गाडी चालवत होता आणि आल्प्स ओलांडेपर्यंत ती फरशी टॉवेलात गुंडाळून ब्रूनोच्या मांडीवर होती. चर्चच्या बाहेरच्या भिंतीत ती बसवायची परवानगी कार्लाने काढली होती. गावातली दहाबारा माणसं जमली. त्या बदललेल्या आणि न बदललेल्या गुडघ्यांवर बसून ब्रूनोने स्वतः सिमेंट लावलं, फरशी दाबली, आणि सवयीने पेराने वाजवली. "पक्की," तो म्हणाला. मग त्याने लोकांना सांगितलं की हा माझा व्याही, याने गाव शोधलं, आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून वाजवल्या. निघताना त्याने जॅमच्या दोन बरण्यांत तिथली माती भरली आणि एक मला दिली.

ती बरणी आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याशेजारी राहिली. तिच्याकडे न बघता मला मीठ घेता येईना. शेवटी एका सकाळी मी सुनेत्राला सगळं सांगितलं. पोळी तव्यावर तशीच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतकं लाजवलं नव्हतं. त्यात आवाज चढवणं नव्हतं, हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी कागद घेऊन ब्रूनोकडे गेलो आणि त्याच्या स्वयंपाकघरात बसून एकेक ओळ जर्मनमध्ये वाचून दाखवली. लोकर. दोरा. अर्धं पदक. मी मान वर केली नाही. दुसऱ्या अर्ध्याचं वाचून झाल्यावर त्याने मला थांबवलं.

"म्हणजे ती परत येणार होती."

"हो. तसंच दिसतं."

"गेनाऊ," बरोबर आहे अशा अर्थाने तो हळू म्हणाला. फोटोतल्या पदकाच्या त्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"नोव्हेंबरात."

त्याने बोटांवर महिने मोजले. जूनपर्यंत आला. "मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, माधव. आठ महिने तू तिला खिशात ठेवलंस."

"मला वाटलं, तुला लाज वाटेल."

"नाही," ब्रूनो म्हणाला. "लाज तुला वाटली."

चाळीस वर्षं या देशात राहून मी कोणाची जात विचारली नाही, असं चारचौघांत सांगत आलो होतो. आणि ज्या माणसाने माझ्या घरची जमीन गुडघ्यांवर बसून नीट करून दिली, त्याच्या दोन दिवसांच्या आजोबाची मला लाज वाटली होती. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं म्हणतात, ते मला तेव्हा वाटलं, आणि तीही त्यानेच बसवलेली होती.

तो उठला, कपाटातून कुलवृत्तांत काढला, खुणेचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. "दुरुस्त कर."

मी वाल्मोरा खोडलं आणि समासात खरं ते लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी नव्हतं.

"आणि बाकीची पुस्तकं?"

"चारशे आहेत, ब्रूनो. कुठेकुठे गेलीत."

"हो. पण तू रिटायर्ड आहेस." त्या गुरुवारी त्याने मला कॉफी विचारली नाही. त्यानंतरचे दोन गुरुवारही दार उघडलं ते कार्लाने, बाबा झोपलेत म्हणून सांगायला.

मी रमेशला फोन केला आणि म्हटलं, शुद्धिपत्र छापायचंय, प्रत्येक प्रतीसाठी, पत्ते मी लिहितो. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरं, पण नजरचुकीने झालं असं लिहू. मुद्रणदोष म्हणू. सूनबाईच्या माहेरचं उगीच चारचौघांत कशाला?" नेमकं हेच मी नोव्हेंबरात स्वतःला सांगितलं होतं, त्याच आवाजात. मी म्हटलं, मजकूर मी पाठवतो, एक शब्द बदलू नकोस.

पाकिटं आता आमच्या जेवणाच्या टेबलावर आहेत, आणि प्रत्येकात ही चिठ्ठी आहे:

"शुद्धिपत्र. पान ३१८. सौ. कार्ला हिच्या माहेरचं मूळ गाव 'वाल्मोरा' याऐवजी 'माहीत नाही. पणजोबांना त्यांच्या आईने दोन दिवसांचे असताना अनाथालयात ठेवलं आणि परत येण्यासाठी अर्धं पदक स्वतःजवळ ठेवलं' असे वाचावे. ही चूक मुद्रणाची नाही. मला खरं ठाऊक होतं. — माधव."