देवाजीच्या रिकाम्या मांडण्या

आता कसं सांगू तुमाले, सांगतानाच लाज वाटते! पण चहा पाजला तुमी, तं ऐका. जळकेपणापायी माणूस आपल्याच हातानं आपलं कसं वाटोळं करते, त्याचा जिताजागता नमुना तुमच्यासमोर बसला हाये.

चंद्रपूरले तवा चांदा म्हणत. जंगल खात्याच्या कचेरीत आमी दोन कारकून, मी आन् देवाजी. जंगलाचा जो तुकडा तोडाईले निघे त्याले कूप म्हणाचं, आन् एकेका कूपाची एकेक फाइल. रोज लागणाऱ्या फायली टेबलावर, बाकीच्या लाल फडक्याच्या बस्त्यात बांधून मांडणीवर. लागली का उतरवाची, काम झालं का चढवाची. बस!

माह्या तीन मांडण्या, गच्च भरलेल्या. देवाजीच्याही तीन, पण त्यातल्या दोन जवळजवळ रिकाम्या! अन् वरून साहेब म्हणाचे, "देवाजीकडे मागा, लगेच भेटते." माह्या आंगाचा कसा तिळपापड होये! त्यातच हेडक्लार्कची जागा खाली झाली. ती खुर्ची त्याले भेटते का मले, एवढंच डोक्यात.

एक दिवस राहवलं नाई. "काऊन गा देवाजी, रिकाम्या फळ्याइची पूजा करतं का?"

तो हसला. "वामनभाऊ, एक बस्ता उतरवला तं दुसरा ठेवाले जागा नको? त्या रिकाम्या जागेवरच माहं काम चालते."

जागेवर काम चालते म्हणे! मंग आमी काय माशा मारून राह्यलो?

गेलो तडक साहेबाकडे. "साहेब, दोन मांडण्या वाया जाऊन राह्यल्या. मले द्या, कचेरी आरशासारखी करून दाखवतो!"

साहेबाले पटलं. मांडण्या माह्याकडे आल्या. देवाजीनं सोताच फडकं मारून पुसून दिल्या, त्याचाच मले जास्त राग आला.

"आता तरी पोट थंड झालं?" घरी बायकोनं विचारलं.

कुठचं थंड! रिकाम्या दिसल्या तं परत नेतीन, हे भेव. म्हणून वरांड्यातल्या पेटीतले जुनेपुराने, वाळवी लागलेले कागदही बांधून चढवले. पाचही मांडण्या ठासून! बोट घालाले जागा ठेवली नाई.

मंग लागली ना वाट! टेबलावरची फाइल वर ठेवाची तं आधी एक बस्ता खाली. तो टेबलावर ठेवला का त्याच्याखाली दुसरी फाइल दबे. ती काढाले वरचा बस्ता परत मांडणीत घालाचा, तं त्याच्या जागेसाठी अजून एक बस्ता खाली. दिवसभर हमाली, संध्याकाळी पाहतो तं एक चिठ्ठी लिहून झाली नाई!

अन् नेमके तवाच नागपूरचे मोठे साहेब तपासणीले आले. "सात नंबरच्या कूपाची फाइल आणा."

मी बस्ते उतरवू लागलो. टेबल भरलं, खुर्ची भरली, खिडकी भरली. शेवटी दारातच ढीग! मी आत, साहेब बाहेर.

"अहो, फाइल कुठे आहे?"

"काढून राह्यलो साहेब!"

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"इथीच साहेब, ढिगाच्या मागं!"

तेवढ्यात बाहेरून देवाजीचा आवाज. "हे घ्या साहेब, सात नंबर. सोमवारी वामनभाऊनंच माह्या टेबलावर आणून ठेवली. त्याइच्याकडे जागा नवती."

खरं होतं हो! मीच ठेवली होती!

हेडक्लार्क कोण झाला, ते इचारू नका. माही बदली भामरागडले झाली. मोठ्या साहेबानं हुकुमात लिहिलं, 'पाचही मांडण्या रिकाम्या करून सोबत न्याव्या.' बैलगाड्या पुढं, मी मागं. देवाजीले म्हणे नव्या सागवानी मांडण्या करून दिल्या. ते ऐकून मले दोन दिवस जेवण गोड लागलं नाई.

भामरागडच्या त्या कचेरीत फायली किती? तीन! पावसाळ्यात रस्ता बंद, तं चौथी यायचा प्रश्नच नाई.

पण छाती फुगवून सांगतो तुमाले: पाच मांडण्या अन् तीन फायली! एवढी रिकामी जागा त्या देवाजीच्या बापानंही पाह्यली नसन!