शिरीषचे दोन स्टार आणि हेमंतचा जळफळाट

ऑफिसातले किस्से आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक दिवस कपाट उघडलं की धडाधड अंगावर येतात! वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसातले माझे निम्मे डबे तर शिरीष आणि हेमंत या दोघांनीच भरलेत.

आम्ही तिघंही पुण्याचे, तिघंही सॉफ्टवेअरमध्ये आणि तिघंही जॉन्सनव्हिलला राहायचो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. न्यूझीलंडला येण्याआधी हे दोघं अमेरिकेत एकाच शहरात होते आणि येताना बेसबॉलचं वेड घेऊन आले. शहर एक, टीम दोन. हेमंतची टीम सारखी जिंकायची, शिरीषची सारखी हरायची. सीझनमध्ये रोज हेमंत विचारायचा, "काय रे, आज किती रन्सनी?"

जिंकलात का, असं विचारायची पद्धतच नव्हती!

*

एका डिसेंबरात, मॉर्निंग टीच्या जरा आधी, शिरीष खुर्चीतून ताडकन उठला आणि भर ऑफिसात ओरडला, "आले! दोघंही आले!"

त्याच्या टीमने एकाच दिवशी दोन स्टार खेळाडू घेतले होते. एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि एक धुवाधार बॅटिंग करणारा. दोघंही फ्री एजंट. म्हणजे जुना करार संपलेले, कुणाकडेही जायला मोकळे. आमचा मॅनेजर ग्रॅहम धावत आला. शिरीषला बिचाऱ्याला बोलवेचना. डोळे पुसत एवढंच म्हणाला, "टू बॉईज, ग्रॅहम! टू बॉईज!"

ग्रॅहमने त्याला मिठी मारली. दुपारपर्यंत जुळ्यांच्या अभिनंदनाचं कार्ड सह्यांसाठी अख्ख्या मजल्यावर फिरून आलं!

खरं काय ते आम्हा तिघांनाच माहीत. हेमंतने कार्ड घेतलं, दातओठ खात मराठीत लिहिलं, "दोघंही एप्रिलपर्यंत लंगडायला लागोत."

मराठीत लिहिलंय म्हणून ग्रॅहमला ते फारच गोड वाटलं.

*

तेव्हा शिरीषची आई पुण्याहून आली होती. आम्ही जेवायला गेलो, तर शिरीष आईला फ्री एजंट समजावून सांगत होता. माउलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे स्थळ चालून आलं म्हण की."

"तसंच समज, आई. मोठमोठे लोक मागे लागले होते त्यांच्या!"

"असं होय! आणि एवढे गुणाचे होते, तर आधीच्यांनी सोडले कशाला रे?"

हेमंत हातातलं ताट खाली ठेवून उठला आणि काकूंच्या पाया पडला.

*

हेमंतचं दुखणं मात्र वाढत गेलं. स्वतःच्या टीमचं बघायचं सोडून तो शिरीषच्या पिचरची खबरबात काढत बसायचा. कुठेतरी वाचलं, की त्याचा खांदा कधीतरी दुखावला होता. झालं!

हेमंतची बायको अनघा फार्मसिस्ट. त्याने जेवताना सहज विचारलं, "खांदा एकदा दुखावला की पुन्हा त्रास देतो का गं?"

"देऊ शकतो. का?"

"काही नाही, असंच."

'असंच' म्हणणाऱ्या नवऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी तिने मलम आणलं, फिजिओची अपॉइंटमेंट घेतली आणि लॉन कापायला मनाई केली. गडी खूश! लॉन अनघा कापतेय आणि हा डेकवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून पाय पसरून बसलाय. एकदा मी गेलो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय रे, शिरीषचा पिचर फिट झाला म्हणे! खांदा ओके!"

अनघाने लॉनमोअर बंद केला.

"कोणाचा खांदा?"

त्यानंतर समोरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांचं लॉनसुद्धा हेमंतच कापायचा.

*

आता मी काही संतमहात्मा नाही. मीही जळायचो. पण माझं दुखणं वेगळं. मला ना त्या पिचरशी देणंघेणं, ना त्या बॅटवाल्याशी. शिरीष फोटोकॉपियरपाशी उभा राहून एकटाच हसायचा ना, त्याचं मला वाईट वाटायचं. चाळिशीच्या माणसाला इतका आनंद होतोच कसा? शेवटी एकदा मी म्हणालो, "शिऱ्या, मलाही एखादी टीम सुचव की."

तो खूप विचार करून म्हणाला, "सुचवतो. पण आधी थोडी वर्षं हरावं लागेल. चालेल?"

*

जानेवारीत शिरीषच्या अंगात आलं. आमच्या मंडळींची सॉफ्टबॉलची एक हौशी टीम होती. शिरीष कॅप्टन, हेमंत पिचर. शिरीष म्हणाला, "आपणही स्टार घ्यायचा!"

स्टार म्हणजे डॉक्टर केतकी. हॉस्पिटलात नुकतीच रुजू झालेली, मूळची जळगावची, महाराष्ट्राकडून सॉफ्टबॉल खेळलेली. पिचर! हे कळताच हेमंतचा चेहरा पडला. त्याच संध्याकाळी तो दुसऱ्याच टीममध्ये जाऊन बसला, आणि वर केतकीलाही तिकडेच ओढायला लागला. म्हणजे तिथेही हा पिचर राहणार नव्हताच, पण शिरीषला ती मिळता कामा नये!

शिरीषने तिला रोज हॉस्पिटलपर्यंत लिफ्ट कबूल केली. हेमंतने अनघाच्या हातची शेवभाजी कबूल केली, अनघाला न विचारता. केतकीने शेवभाजी खाल्ली, महिनाभर लिफ्ट घेतली आणि हॉस्पिटलच्या टीमकडून खेळली.

तिने दोघांनाही शून्यावर आउट केलं. वर इथल्या लोकांसारखं म्हणाली, "दादा, स्वीट ॲज! एकदम झकास! मजा आली."

*

त्यानंतर दोघांनी अबोला धरला. पण कार एकच! रोज जॉन्सनव्हिलहून शहरात जाताना शिरीष ड्रायव्हिंगला, हेमंत शेजारी आणि मी मागे, दुभाषा.

"याला सांग, खिडकी बंद कर."

"त्याला सांग, वारा लागत असेल तर जॅकेट घाल."

एका वळणावर मागून ट्रक अगदी अंगावर आला. हेमंत सीट घट्ट धरून किंचाळला, "त्याला सांग, ब्रेक मारू नकोस!"

*

आणि मग तो ऑक्टोबरमधला रविवार. शिरीषची टीम चक्क शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलेली. हेमंतची केव्हाच घरी बसली होती. अमेरिकेत रात्र, आमच्याकडे भर दुपार. मी शिरीषकडे टीव्हीसमोर बसलो होतो. बेल वाजली. दारात हेमंत! न बोलवता आलेला. शिरीषच्या बायकोला, वर्षाला म्हणाला, "आमचा टीव्ही बिघडलाय." शिरीषने सोफ्यावर जागा करून दिली.

शेवटची इनिंग. शिरीषची टीम एका रनने मागे. एक गडी बेसवर, आणि बॅट हातात घेऊन तोच तो स्टार. आता आउट झाला की संपलं!

शिरीष उठला. "मला नाही बघवत," म्हणाला, आणि धुतलेल्या कपड्यांची बादली उचलून मागच्या अंगणात गेला. वारा असा, की चादर दोरीवर टाकली की तोंडावर यायची.

इकडे पिचरने बॉल टाकला. फटका बसला. बॉल उंच गेला, आणखी उंच गेला आणि थेट प्रेक्षकांत जाऊन पडला. होम रन! एका फटक्यात दोन रन्स, सामना खिशात! स्टेडियम वेडं झालं. वर्षाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी ओरडणार, तेवढ्यात हेमंतने माझा दंड धरला, रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

बाहेरून शिरीषची हाक आली, "काय झालं रे?"

कितीतरी महिन्यांनी तो हेमंतशी थेट बोलला होता! हेमंत खिडकीपाशी गेला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मागे स्वयंपाकघरात फ्रीज घुरघुरत होता.

"लाइट गेली," हेमंत म्हणाला.

शिरीषने कान टवकारले. मग हातातला ओला टॉवेल त्याने तसाच वाऱ्यावर सोडून दिला आणि अंगणात नाचायला लागला.