तीन मोजून बोलायचं

समोरच्याचं बोलणं संपलं की मी लगेच उत्तर देत नाही. मनात तीन मोजते आणि मग तोंड उघडते. सून म्हणते, "आई, तुम्हाला ऐकू कमी येतंय का? डॉक्टरला दाखवूया का?" दाखव म्हणावं. कान माझे शाबूत आहेत. बिघाड होता तो तोंडात, आणि तोही तरुणपणी. त्या काळी माझ्याइतकी तोंडाळ बाई अख्ख्या मुलुंडात सापडली नसती.

तीन मोजायला मला बाबांनी शिकवलं होतं. शिकवून काही उपयोग झाला नाही, तो भाग वेगळा.

बाबा तारखात्यात होते. निवृत्त झाल्यावर मालवणकडच्या आमच्या गावी गेले आणि आई वारल्यावर तिथे एकटेच राहिले. त्यांना एकच नाद होता, वायरलेसचा. हौशी लोकांना सरकार परीक्षा घेऊन त्याचा परवाना देतं. स्वतः जुळवलेल्या यंत्रावरून हवेत हाक मारायची, असाच दुसरा कुणी वेडा कुठून तरी ओ देतो ते ऐकायचं आणि दोघांनी आपापल्या वहीत नोंद करायची. यातून मिळतं काय, असं आई जन्मभर विचारत राहिली. मी मात्र लहानपणीच त्या नादाला लागले. दुपारची जेवणं झाली की बाबा पाटावर चमच्याने तारेच्या लिपीतलं कट्ट-कडकट्ट वाजवायचे आणि मी अक्षरं ओळखायची. दोन ठोके ऐकून मी अक्षर ठोकून दिलं की म्हणायचे, "आधी आयक गो बाय, मगे उलय." घरात ते मला कधी नावाने हाक मारत नसत. बायच म्हणत.

लग्न होऊन मुलुंडला आले आणि इथेच परीक्षा देऊन मी परवाना काढला. नवरा कारखान्यात सुपरवायझर, मोठा हौशी माणूस. त्यानेच गच्चीवरच्या टाकीपासून समोरच्या नारळापर्यंत एरियलची तार ओढून दिली. बाबांच्या गावात तेव्हा फोन नव्हता आणि पत्राला चार दिवस लागायचे. पण रविवारी सकाळी आठ वाजता मला माझे वडील ऐकू यायचे. माझ्या वाट्याला एवढंच माहेर होतं.

रविवारी आठला नेट असायचं. नेट म्हणजे वीस-पंचवीस जणांची एकाच लहरीवर भरणारी बैठक. बोरिवलीचे एक निवृत्त काका ते चालवायचे. ते एकेकाचं स्थानक, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, पुकारणार, जो तो आपल्या पाळीला बोलणार, थोडक्यात बोलणार, निघताना परवानगी मागणार. शाळेतसुद्धा एवढी शिस्त नव्हती. आणि सगळ्यात मोठा नियम जागा सोडण्याचा. एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्याने तीन मोजायचे, मगच माईकचं बटण दाबायचं. कारण बटण दाबलं की आपला रिसीव्हर मुका होतो. बोलणाऱ्याला दुसरं काहीच ऐकू येत नाही. कुणाचा सिग्नल अगदी बारीक असेल, कुणावर प्रसंग आला असेल, तर त्याला त्या तीन आकड्यांच्या जागेत "ब्रेक" एवढा एक शब्द म्हणता यायला हवा. जागाच सोडली नाही तर तो बिचारा शिरणार कुठून?

बाबा लॉरीच्या बॅटरीवर चालणारं इवलंसं यंत्र वापरत. त्यांचा सिग्नल नेहमीच बारीक. ते त्या जागेतूनच आत यायचे, दाराच्या फटीतून मांजर यावं तसे. 

आणि आल्यावर मला काय म्हणायचे? "सुप्रभात. तुमचा सिग्नल इथे पाच-नऊ आहे. आवाज स्वच्छ. धन्यवाद." पाच-नऊ म्हणजे स्पष्ट आणि खणखणीत. स्वतःच्या पोटच्या मुलीला अहो-जाहो! पहिल्याच रविवारी मी आनंदाच्या भरात "बाबा, जेवताय ना नीट?" असं विचारलं होतं. उत्तर आलं नाही. मी घाबरले, यंत्र बिघडलं की काय. मग चार दिवसांनी अंतर्देशीय आलं. "हवेर बाबा नसता, स्टेशन असता. घरचा घराक. सगळे ऐकत असतात." मी ते पत्र चुरगळून फेकलं आणि मग उचलून इस्त्रीखाली सरळ केलं.

नियम म्हणजे नियम. आम्ही चाळीतली खोली सोडून त्याच रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो तेव्हाही हीच तऱ्हा. परवान्यावर जो पत्ता असेल तिथूनच यंत्र चालवायचं, जागा बदलली तर आधी अर्ज करायचा आणि नवा पत्ता मंजूर होईपर्यंत गप्प बसायचं. मी बाबांना लिहिलं, अहो, पाचशे पावलांवर तर आलोय, कोण बघायला येतंय? बाबांनी कळवलं, "मी बघतंय." मंजुरी यायला चार महिने लागले. चार महिने मी त्यांना नुसतं ऐकत होते. दर रविवारी ते माझं स्थानक पुकारायचे, मी घरात नियम पाळतेय हे ठाऊक असूनही, आणि तीन मोजून पुढे जायचे. मला तेव्हा नुसता राग यायचा. ते मला हाक मारत होते, हे मला फार उशिरा कळलं.

नव्या बिल्डिंगमध्येही तार नारळालाच बांधली, पण इथे वेगळीच गंमत. मी बोलायला लागले की खालच्या मजल्यावर टीव्हीत मी उमटायची. जिन्यात गाठ पडली की खालच्या वहिनी म्हणायच्या, "काय हो, आज परत आलात आमच्या टीव्हीत! साबण विकणाऱ्या बाईच्या तोंडी तुमचा आवाज!" म्हणून त्यांचा रविवारचा कार्यक्रम लागायच्या आधी, साडेआठच्या आत, मला सगळं आटपावं लागे. घाई माझ्या अंगातच होती, तिला हे एक निमित्त मिळालं. मी कधी तीन मोजले नाहीत. एकवर बटण दाबायची. काका दर रविवारी टोकायचे आणि मी दर रविवारी सॉरी म्हणायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता बाबांचा खोकला सुरू झाला. आवाजाआधी खोकला ऐकू यायचा. शेजारच्या मास्तरांनी मला लिहिलं की जेवणखाण धड नाही, अंगात कणकण असते. मी बाबांना लिहिलं, बस्स झालं आता, मुलुंडला या आणि कायमचे राहा. नवऱ्यानेही खाली चार ओळी लिहिल्या. बाबांनी आधी टाळलं. आंब्याची झाडं आहेत, घर कोण बघणार, जावयाच्या घरी किती दिवस राहायचं. मी इरेला पेटले. तीन पत्रं पाठवली, प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा तिखट. शेवटच्यात लिहिलं, तुम्हाला मुलगी नकोच आहे, स्टेशनच हवंय.

त्यावर एका ओळीचं कार्ड आलं. "रविवारी नेटवर सांगतंय."

घरची गोष्ट हवेत सांगणार! बाबा! मी ते कार्ड दिवसभर पदराला बांधल्यासारखं घेऊन फिरत होते. नवरा म्हणाला, "येतायत बघ. नाही म्हणायचं असतं तर कार्डावरच म्हणाले असते ना."

त्या रविवारी मी साडेसातलाच यंत्र तापवून बसले. हवा खराब होती, सगळीकडे चरचर. काकांनी हजेरी घेतली. बाबांचं स्थानक पुकारलं. काही नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. नुसती चरचर. "पुढे जाऊया," काका म्हणाले, "नंतर परत बघू." 

माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आणि जीव थाऱ्यावर नसला की माझं तोंड चालतं. जोगेश्वरीच्या एका स्टेशनने माझ्या तारेबद्दल सहज काहीतरी विचारलं. दुसऱ्या कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं. मी तारेची लांबी सांगितली, नारळ सांगितला, नारळावरचे कावळे सांगितले, खालच्या वहिनींचा टीव्ही सांगितला. तो हसून काही बोलला, त्याचा शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत मी परत सुरू. बोलत असले की चरचर ऐकू येत नव्हती, आणि चरचरीत बाबा नाहीत हेही ऐकू येत नव्हतं.

मी बटण सोडलं तेव्हा काकांचा आवाज आला. नेहमीसारखा टोकण्याचा नव्हता. "मॅडम, थांबा. तुमच्या आवाजाखाली शिट्टी येत होती. बारीक. दोनदा आली. कुणीतरी तुमच्याखाली दबलंय." मग म्हणाले, "सगळ्या स्टेशनांनी गप्प राहा. बारीक स्टेशन, तुम्ही या."

सगळे गप्प राहिले. घाटकोपर, अंधेरी, जोगेश्वरी, पुणे, नाशिक, वीस-पंचवीस माणसं आपापल्या घरात बटणावरचा हात काढून श्वास धरून बसली होती. नवरा स्वयंपाकघरातून आला आणि दारातच थांबला. मी घड्याळाकडे पाहत होते. मिनिट गेलं, दुसरं गेलं. कुणी आलं नाही. काकांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा सगळे थांबले. एवढी मोठी जागा आयुष्यात मी कुणाला सोडलेली ऐकली नव्हती, आणि तिच्यात माझे बाबा नव्हते.

सोमवारी मी तार केली. बुधवारी मास्तरांची उलट तार आली. बाबा मंगळवारी पहाटे गेले होते.

गावी दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी बसले. यंत्रावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला. शेजारी नोंदवही. ती वही त्यांनी कधी कुणाला हात लावू दिली नव्हती. मी पानं उलटली. वेळ, लहर, स्थानक, सिग्नल, सगळे रकाने पट्टीने आखलेले. प्रत्येकाचं स्थानक नियमाप्रमाणे पूर्ण लिहिलेलं. माझं कुठे सापडेना. मग दिसलं. दर रविवारी, वर्षानुवर्षं, स्थानकाच्या रकान्यात एकच शब्द होता. बाय. बाय, पाच-नऊ. बाय, पाच-नऊ. मी गप्प होते त्या चार महिन्यांतही होता. "बायक हाक मारली. ऐकत असतली." एवढा नियमाचा माणूस, सरकारी तपासणीची वही, आणि त्यात हे.

शेवटच्या रविवारचं अक्षर हललेलं होतं. "बॅटरी उतरली. यंत्र उशिरा लागलं. दोनदा ब्रेक दिला. बाय बोलत होती. दुसऱ्याच्या वर बोलू नये. थांबलो. तेवढ्यात यंत्र बंद. पाच-नऊ."

वहीखाली एक लांब पाकीट होतं. तिकीट लावलेलं, तोंड न चिकटवलेलं. आत परवाना खात्याला अर्ज, सुवाच्य इंग्रजीत. स्थानकाचा पत्ता बदलून मिळावा. जुना पत्ता गावचा होता. नवा पत्ता मुलुंडचा, आमच्या बिल्डिंगचा, दुसऱ्या मजल्यासकट. कारणाच्या जागी लिहिलं होतं, मुलीकडे कायमचं राहायला जात आहे. तारीख त्या रविवारच्या आदल्या दिवसाची. आधी मला सांगून मग सोमवारी टपालात टाकायचं ठरवलं असणार.

मी त्या टेबलावर डोकं ठेवून रडले. बाबांवर रडले की स्वतःवर, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुलुंडला परतल्यावरच्या रविवारी मी यंत्र लावलं. काकांना कुणीतरी कळवलं होतं. ते हजेरी घेत घेत बाबांच्या क्रमापर्यंत आले. त्यांनी स्थानक पुकारलं नाही. पण पुढेही गेले नाहीत. तीन मोजेपर्यंत थांबले. माझ्या हातात माईक होता, आणि सांगायचं तर केवढं तरी होतं. मी बटण दाबलं नाही. ऐकत बसले.